पावसाची आणेवारी

"बाई, मोबाइल काय म्हणायलाय आज?"

जूनपासून सुगी संपेपर्यंत शाळेच्या वाटेवर हा प्रश्न मला रोज गाठतो. कधी विचारणारा बैलं घेऊन शिवाराकडं निघालेला असतो, कधी डोक्यावर भाताच्या रोपांच्या पेंड्या घेतलेली बाई, कधी कोबीची पोती टेम्पोत टाकून बेळगावच्या मार्केटला निघालेला पोरगा. बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते, तेव्हा पावसाचं मला कळत असणार असा गावाचा समज आहे. मी मोबाइल काढते आणि वाचून दाखवते, "तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता. यलो अलर्ट." समोरचा आभाळाकडं बघतो, मग माझ्याकडं. "ते झालं. पण आमच्याकडं येतोय काय न्हाई?"

या प्रश्नाला बरीच वर्षं माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मी त्या एका ओळीचा अर्थ नीट शोधून काढला, आणि मला वाईट वाटलं. त्या ओळीत पुष्कळ माहिती होती. ती विचारपूर्वक मोजून-मापून भरलेली होती. फक्त ती आमच्यापर्यंत येईतो सगळी गळून गेली होती.

ओळ उलगडून बघू. हवामान खात्याच्या भाषेत "तुरळक ठिकाणी" याचा अर्थ ठरलेला आहे: त्या भागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५, आणि त्याच्या वर "बहुतेक सर्व ठिकाणी". "मुसळधार" हेही वर्णन नव्हे, माप आहे: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्याच्या वर २०४.४ पर्यंत "अति मुसळधार", आणि त्याहून जास्त ते "अत्यंत मुसळधार". हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात, म्हणून आजच्या तारखेला नोंदलेला पाऊस बहुतेक कालचाच असतो. आता राहिला शेवटचा शब्द, "शक्यता". खात्याच्या इंग्रजी पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात याचाही तक्ता असतो. नुसती शक्यता म्हणजे २५ ते ५० टक्के. दाट शक्यता म्हणजे ५० ते ७५. त्याच्या वरची पायरी ७५ च्या पुढची.

म्हणजे "तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता" या वाक्याचा सरळ अर्थ असा: एवढ्या मोठ्या भागात कुठंतरी, फार तर चौथ्या हिश्श्यात, ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस होईल, आणि तो तसा होईलच असंही नाही, सोळा आण्यांच्या रुपयात चार ते आठ आणे. आमच्या शिवारापुरतं बोलायचं तर मुसळधार पाऊस बहुधा येणार नाही, पण निर्धास्त राहू नका. हे उत्तर त्या कोबीवाल्या पोराला हवं होतं. मी त्याला तीन शब्द वाचून दाखवत होते, आणि तो ते ऐकून "येतो म्हणायलेत" असं समजून जात होता. संध्याकाळी कोरडा घरी आला की म्हणायचा, "खोटं बोलतेत सगळे."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. शास्त्रज्ञाने शक्यता सांगितली, ऐकणाऱ्याने वचन ऐकलं.

आणे हा शब्द मी वर उगाच वापरलेला नाही. टक्केवारी लोकांना कळत नाही, लोकांना फक्त हो किंवा नाही कळतं, असं अधिकारी मंडळींकडून नेहमी ऐकू येतं. मला हे मुळीच पटत नाही. ज्या भाषेत पिकाची आणेवारी काढतात, "बारा आणे पीक आलं" म्हणतात, "सोळा आणे खरं" म्हणतात, त्या भाषेच्या माणसाला अंश कळत नाही असं कसं म्हणता येईल? आमच्या घरी सासरे, त्यांना मी मामा म्हणते, जोंधळ्याच्या शेताच्या कडेला उभे राहून "दहा आणे हाय यंदा" असं सांगतात, आणि मळणी झाली की त्यांचा अंदाज फार चुकलेला नसतो. गंमत अशी की हवामान खात्याच्या चार पायऱ्या आण्यांत अगदी चपखल बसतात. चार आण्यांच्या आत, चार ते आठ, आठ ते बारा, बाराच्या वर. कुणीतरी जणू आमच्यासाठीच त्या केल्या असाव्यात. तरी पत्रकातून बातमीत येताना हा तक्ता गळतो, बातमीतून मोबाइलवर येताना "तुरळक" गळतं, आणि शेवटी गावात पोचतं ते एवढंच: आज मुसळधार.

मिलिमीटरचंही तसंच. पाऊस किती झाला हे मिलिमीटरमध्ये सांगितलं की माणसाच्या डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्याकडं जमीन गुंठ्यात मोजतात, आणि गुंठा हा १०१ चौरस मीटरचा; तेव्हा एक मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला शंभर लिटर, धरून चाला. मुसळधाराची सुरुवात होते ती गुंठ्याला साडेसहा हजार लिटरपासून. बळ्ळारी नाल्याच्या काठी ज्याचं वीस गुंठे भात आहे त्याला हा आकडा सांगा. पाणी कुठून येणार, कुठं तुंबणार आणि बांध कुठं फोडावा लागणार, हे तोच तुम्हाला सांगेल.

आता अंदाजात अनिश्चितता का असते, याबद्दल थोडं. याच्या बाबतीत शास्त्राला दोष देणं अन्यायाचं आहे. आमच्याकडं दोन जातींचा पाऊस पडतो आणि दोघांचा स्वभाव वेगळा. एक मान्सूनचा, घाटावरून येणारा. अरबी समुद्रावरचं ओलं वारं सह्याद्रीला धडकतं, वर चढतं, चढताना गार होतं, आणि त्यातलं पाणी कणकुंबी, जांबोटी, चोर्ला या पट्ट्यात सांडतं. घाट ओलांडून पूर्वेला उतरताना तेच वारं कोरडं होत जातं. वारं जोरात असलं, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र असलं, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असला, तर हा पाऊस दोन-तीन दिवस आधीही चांगल्या खात्रीने सांगता येतो. दुसरा वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत जमीन तापते, गरम हवा वर उसळते, आणि चार-पाच मैलांच्या घेराचा एखादा ढग तासाभरात तयार होऊन, बरसून, विरूनही जातो. हिंडलग्याला गारा आणि येळ्ळूरला ऊन, असं आम्ही कितीदा पाहिलं. असा ढग कुठल्या गावावर फुटणार हे आदल्या दिवशी जगातला कुठलाही संगणक सांगू शकत नाही. पुढच्या तीन तासांपुरतं, रडारवर ढग दिसल्यावर, सांगता येतं. आणि आमच्या बाजूचं मोठं रडार आहे पणजीला, सह्याद्रीच्या पलीकडं. डोंगराआडचं बुटकं आभाळ त्याला पुरतं दिसत नाही.

संगणक अंदाज कसा काढतो तेही मुलांना सांगते तसंच सांगते. आजच्या हवेचं चित्र घ्यायचं, भौतिकशास्त्राची समीकरणं लावायची, उद्याचं चित्र काढायचं. पण आजचं चित्रच पुरतं अचूक नसतं. दोन केंद्रांच्या मधली हवा कुणी मोजलेली नसते. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिलं की सुरुवातीच्या आकड्यांतला अगदी बारीक फरकही काही दिवसांनी संपूर्ण वेगळं हवामान दाखवतो. म्हणून आता तेच गणित सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून पुन्हा पुन्हा करतात. सोळा वेळा केलं आणि बारा वेळा पाऊस आला तर शक्यता बारा आणे. बारा आणे ही त्या शास्त्राने स्वतःच्या मर्यादेसकट दिलेली माहिती आहे. तिचा "हो" करून टाकणं म्हणजे निम्मी माहिती फेकून देणं.

ती फेकली की काय होतं ते आमच्या घरी २०२५ च्या मे महिन्यात दिसलं.

बेळगाव तालुक्यात भाताची धूळवाफ पेरणी असते. मे महिन्यात वळिवाच्या एक-दोन सरींवर जमीन नांगरून, ढेकळं फोडून, कोरड्या भुसभुशीत मातीत कुरीने भात पेरायचं आणि मिरगाच्या पावसाची वाट बघायची. रोहिणी नक्षत्र लागतं २५ मेला. तिथून मिरगापर्यंतचे दिवस या कामाचे. त्या वर्षी १० मेला हवामान खात्याने जाहीर केलं की मान्सून केरळात २७ मेला येईल. आम्ही जो पेपर वाचला त्यात मोठ्या अक्षरात "२७ मे" होतं. मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला: केरळात सत्तावीसला, म्हणजे आपल्याकडं आठ-दहा दिवसांनी, पाच-सहा जूनला. रोहिणी लागली की निवांत पेरू.

वीस मेच्या आसपास पाऊस लागला तो थांबलाच नाही. मान्सून केरळात २४ लाच आला आणि दोन दिवसांत, २६ मेला, मुंबईत होता. मुंबईत तो इतक्या लवकर कधी आल्याची नोंद नाही. आमच्या शेतात नांगरट करून ठेवलेल्या ढेकळांचा चिखल झाला. वाफसा येईना, कुरी चालेना. मामा रोज सकाळी बांधावर जायचे, मातीची मूठ घेऊन दाबायचे, ती चिकटायची, आणि परत यायचे. बोलायचे काहीच नाहीत. शेवटी रोप तयार करून, चिखल करून लावणी करावी लागली. मजुरी, ट्रॅक्टर, पंधरा-वीस दिवसांचा उशीर.

मी नंतर खात्याचं मूळ पत्रक शोधून वाचलं. त्यात २७ मे होतं, आणि त्याच वाक्यात होतं: चार दिवस मागे-पुढे. म्हणजे २३ ते ३१ मे. २४ मे त्याच्या आतच होता. अंदाज बरोबर ठरला होता! ते "चार दिवस मागे-पुढे" आम्ही वाचलेल्या बातमीतून गळलं होतं. आणखी एक गोष्ट गळली होती, आणि ती माझ्या मते जास्त महत्त्वाची. ते पत्रक केरळातल्या आगमनाबद्दल होतं. मान्सून येण्याआधी आमच्याकडं किती पाऊस पडेल याबद्दल ते काहीच सांगत नव्हतं. मामांना केरळाचं काय करायचं होतं? त्यांना हवं होतं ते एवढंच: या पंधरा दिवसांत माती कोरडी मिळणार आहे की नाही. वीस तारखेच्या चार-पाच दिवस आधी, अरबी समुद्रात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची चिन्हं दिसू लागली तेव्हा, या प्रश्नाचं उत्तर मिळण्यासारखं होतं. "धूळवाफ पेरणाऱ्यांनी दोन दिवसांत उरकावं, नाहीतर रोपाची तयारी करावी" हे एक वाक्य. पण पेरणीच्या भाषेत ते आमच्यापर्यंत आणणारं कुणी नव्हतं.

यात आमच्या सीमाभागाचा वेगळा जाच आहे, आणि त्याबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

हवामान खात्याचे देशभरात ३६ उपविभाग आहेत. बेळगाव जिल्हा येतो उत्तर अंतर्गत कर्नाटकात, कलबुर्गी, रायचूर, विजयपूर यांच्या रांगेत. कागदावर ठीक. पण आमच्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ आहे १३,४१५ चौरस किलोमीटर, गोव्याच्या साडेतीन पटींहून मोठं. याच्या नैर्ऋत्य टोकाला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ईशान्येला अथणी, जिथं पाचशे-सहाशेवर वर्ष काढायचं आणि टँकरची वाट बघायची. मध्ये अंतर फक्त दीडशे किलोमीटरचं. नकाशावर मात्र दोघांना एकच रंग. जिल्हा केशरी झाला की खानापूरच्या माणसाला तो कमी वाटतो आणि अथणीच्या माणसाला चेष्टा वाटते. दोन-चार वेळा असं झालं की दोघेही रंगाकडं बघायचं सोडतात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आम्ही मुलांना दुसरीत शिकवतो.

हे बदलणं अशक्य आहे का? शेजारी बघा. महाराष्ट्रात हवामान खातं कोल्हापूर, सातारा, पुणे या जिल्ह्यांचा घाटमाथा वेगळा काढून त्याला वेगळा इशारा देतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याची आणि आमच्या तालुक्याची शिवारं एकमेकांना लागून आहेत. तोच डोंगर, तोच ढग. पलीकडं "घाट" म्हणून वेगळा इशारा, अलीकडं सगळा जिल्हा एका रंगात, कारण पलीकडचं पत्रक मुंबईहून निघतं आणि अलीकडचं बंगळूरहून. आमच्याकडं पावसात शाळांना सुट्टी देताना जिल्हाधिकारी तालुक्यांची नावं घेऊन देतात: खानापूर, बेळगाव, कित्तूर. सुट्टी तालुक्यानुसार देता येते, तर इशारा का देता येऊ नये? खानापूरचा घाट वेगळा, बेळगाव-हुक्केरीचा मधला पट्टा वेगळा, अथणी-रायबाग-रामदुर्गचा कोरडा पट्टा वेगळा, एवढे तीन भाग केले तरी पुष्कळ होईल. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेली भारत अंदाज प्रणाली सुरू झाली; तिचं गणित सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालतं. सहा किलोमीटरची चौकट म्हणजे सहा किलोमीटरची अचूकता नव्हे, हे मला कळतं. पण सहा किलोमीटरवर हिशेब करायचा आणि साडेतेरा हजार चौरस किलोमीटरवर सांगायचं, यातली दरी शास्त्रज्ञांच्या अडचणीची नाही.

मोजमापाचीही उणीव नाही. कर्नाटक सरकारने १९८८ साली दुष्काळावर लक्ष ठेवायला जो कक्ष सुरू केला, त्याचीच पुढं राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी संस्था झाली, आणि तिने ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. देशात इतकं दाट जाळं फार थोड्या राज्यांकडं आहे. कर्नाटकाचा हा मोठेपणा मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पंचायतीच्या छपरावर पडलेला पाऊस काही मिनिटांत बंगळूरला कळतो. त्याच पंचायतीच्या फळ्यावर तो लिहिलेला मात्र मी पाहिलेला नाही.

आणि भाषा. या विषयावर लिहिताना सीमाभागात माणूस शब्द जपून वापरतो, मीही वापरते. मला भांडायचं नाही. इशारा कन्नडात हवाच, तो राज्याच्या भाषेत असणं रास्त आहे. पण खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी बायका बाजारात अस्खलित कन्नड बोलतात आणि त्यांना कन्नड अक्षर वाचता येत नाही. त्यांच्या मोबाइलवर विजेचा इशारा येतो, फोन किंचाळतो, आणि त्या तो शेजारच्या शाळेत जाणाऱ्या पोराकडं घेऊन जातात. पोरगं घरी नसलं तर फोन पुन्हा कमरेला. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि त्यात शेतात, झाडाखाली, गुरांमागं असलेली माणसंच जास्त. असा इशारा अर्ध्या तासात वाचून झाला नाही तर त्याचा काही उपयोग उरत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हा देशाने मान्य केलेला जुना निकष आहे. बाकी कागदपत्रांचा वाद चालतो तसा चालो. वीज, पूर आणि वादळ एवढ्या तीन गोष्टी वादातून बाहेर काढा. मराठीत, आणि उर्दू बोलणाऱ्या वस्त्यांत उर्दूत. महाराष्ट्रातही सोलापूर-सांगलीच्या सीमेवरच्या कन्नड गावांना कन्नडात इशारा मिळायला हवा. हे मी तितक्याच तळमळीने म्हणते.

तोवर आमच्या घराघरांत मुंबईच्या मराठी वाहिन्या चालू असतात. त्यावरचा नकाशा चंदगड-कागलला संपतो. पुढं नुसता करडा रंग. आम्ही त्या करड्या रंगात राहतो, आणि कोल्हापूरचा रंग बघून अदमास बांधतो.

नदीला सीमा कळत नाही, याचा धडा २०१९ च्या ऑगस्टने दिला. कोयनेचं, राधानगरीचं, काळम्मावाडीचं पाणी चिक्कोडी-अथणीत आलं, घटप्रभेने गोकाक बुडवलं, मलप्रभेने रामदुर्ग. तेव्हा रोज बातम्यांत आकडे होते: राजापूर बंधाऱ्यातून इतके क्युसेक, दूधगंगेतून इतके. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. हे मला माहीत आहे, पण त्याने माझ्याही डोळ्यांपुढं काही येत नाही. माझी मावशी कृष्णाकाठच्या गावात दिलेली. तिला मी फोनवर तो आकडा सांगितला, तर ती म्हणाली, "ते लाख-बिख ऱ्हाऊ दे. मारुतीच्या कितव्या पायरीला लागतंय ते सांग, म्हंजे म्हशी सोडायच्या कवा ते कळंल." नदीकाठच्या प्रत्येक गावात असं मोजमाप आहे: देवळाची पायरी, पुलाचा कठडा, वडाचा पार. बंधाऱ्यावर इतकं पाणी असताना गावात कुठवर येतं याचा तक्ता एकदा बसून करायचा आहे, तोही ज्यांना तोंडपाठ आहे अशांना विचारून. पाऊस किती पडेल याऐवजी पावसाने काय होईल ते सांगा, असा विचार आता जगभरचे हवामानशास्त्रज्ञ करतात, आपलं खातंही करतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा, ही त्याचीच सुरुवात. पण "कृती करा" म्हणजे म्हशी सोडा, एवढं शेवटचं पाऊल बंगळूरहून टाकता येणार नाही. ते गावातच टाकावं लागेल.

त्यासाठी माणसं लागतात. कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान विभाग सुरू झाले होते, तालुक्याच्या पातळीवर पिकाला धरून सल्ला द्यायला. असे सुमारे दोनशे विभाग २०२४ मध्ये बंद करण्यात आले. त्याच वर्षी हवामानाच्या नव्या यंत्रणेसाठी मिशन मौसम या नावाने दोन हजार कोटी मंजूर झाले. यंत्रं हवीतच, रडारं वाढली तर आमचाही डोंगराआडचा कोपरा दिसेल. पण रडारवर दिसलेलं धूळवाफ पेरणाऱ्याला सांगणारा माणूस कमी करून रडार वाढवणं हे मला उलट्या क्रमाचं वाटतं.

कुणी म्हणेल, शक्यता सांगितली की लोक गाफील राहतात. घाबरवून सांगितलं तरच हलतात. ओडिशाचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या काळात वादळाची वाट सांगण्याचं शास्त्र सुधारलं, हे खरंच. पण निवारे बांधले गेले, गावागावात स्वयंसेवक तयार झाले, ओडियात घरोघर सांगणारी माणसं उभी राहिली, आणि लाखो लोक उठून गेले, कारण सांगणाऱ्याला ते ओळखत होते. भीतीने माणूस एकदा हलतो. ओळखीने दर वेळी हलतो.

अंदाज सांगणाऱ्याची टिंगल मात्र जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६१ साली रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात रोजचा अंदाज द्यायला सुरुवात केली. चुकला की लोक हसायचे, शास्त्रज्ञही नाकं मुरडायचे. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली, आणि पुढच्या वर्षी त्याने सुरू केलेले वादळाचे इशारेही बंद झाले. ते परत मागितले कोळ्यांनी आणि नाविकांनी, आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. ज्यांचा जीव त्यावर होता त्यांना चुकणारा अंदाजसुद्धा हवा होता. आपण "हवामान खात्याचा अंदाज" म्हणून हसतो तेव्हा मला हे कोळी आठवतात. आपण हसतो म्हणून खातंही आपलं मागे-पुढे दाखवायला बिचकतं, आणि ते दाखवत नाही म्हणून आपण आणखी हसतो. यातून बाहेर पडायला पहिलं पाऊल आपणही टाकायला हवं. नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावरून पाऊस ठरवणारे फॉरवर्ड पुढं ढकलणं तरी थांबवू. नक्षत्रांचं वेळापत्रक ही वेगळी गोष्ट. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हत्तीचा पाऊस ही पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली सरासरी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण सरासरी उद्याचं सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या मुलांनी शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला. मोठी पत्र्याची नरसाळ्याची बाटली, खुणांची नळी, आणि सकाळी साडेआठला वाचायची पाळी. देवळाच्या कट्ट्यावर एक फळा टांगला. वर काल पडलेला पाऊस, मिलिमीटरात आणि गुंठ्याला लिटरात. खाली आजची शक्यता, आण्यांत. सुरुवातीला लोक वाचून हसले. मग आण्यांवरून वाद घालू लागले. मग आदल्या दिवशीचे आणे लक्षात ठेवू लागले. "चार आणे म्हणालतीस, आणि न्हाई आला, बरोबर हाय" असं एका आजोबांनी पाळीवरच्या मुलीला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार आण्याचा पाऊस न येणं हेही बरोबर असू शकतं, हे शिकवायला मी वर्गात दोन तास घालवले असते.

गेल्या सुगीतली एक सकाळ. भात कापून शेतात पसरलेलं, आभाळ निळं. फळ्यावर लिहिलं होतं: काल ०. आज दुपारनंतर चार आणे. मामा कट्ट्यावर आले, वाचलं, आणि घराकडं वळले. मी विचारलं, "मामा, चार आणेच आहेत. बारा आणे येणार नाही म्हणतोय."

"मांडव घालायचा असता तर घातला असता," ते म्हणाले. "भात खाली हाय. चार आण्यात माझं सोळा आणे जातंय." आणि माळ्यावरची ताडपत्री काढायला त्यांनी शिडी लावली.